माशी

नळीच्या टोकाची पितळी माशी
सूर्य टेकाडाआड गेला की उडून जाते.
आबांचा नियम साधा होता:
माशी दिसेनाशी झाली की चापावरचं बोट काढायचं,
विडी पेटवायची, घरी यायचं.
डुकरांना हा नियम पाठ होता.
ती माशी उडाल्यावरच यायची.

म्हणून हा लाल ठिपका.
रोमाल्दने तारवावरून सुटीला येताना आणलेला,
पायमोज्यात गुंडाळून.
आगपेटीएवढी डबी, तिला काच,
काचेत डाळिंबाच्या दाण्याहून बारीक निखारा.
बाराच्या एकनळीवर बसवायला
सावर्ड्याच्या लेथवाल्याने पट्टी करून दिली
आणि तीनदा विचारलं, परवाना आहे ना?
आहे. आबांच्या नावावर. पीक राखण्यापुरता.

मी समजावलं, हा झोत नव्हे.
उजेड बाहेर जात नाही, जनावराला दिसत नाही,
फक्त बंदुकीमागच्या डोळ्याला.
दोन्ही डोळे उघडे ठेवायचे,
बघायचं रानाकडे, ठिपक्याकडे नाही.
आणि उजेड उतरवत आणायचा,
नऊवरून पाचवर, पाचावरून दोनवर.
जास्त ठेवला तर ठिपकाच फुलतो
आणि त्यामागचं जनावर विझतं.
आबांनी ऐकून घेतलं,
कृषी खात्याच्या माणसाचं ऐकतात तसं.

रिवणची तिनसांज. वायंगणाच्या कडेला माटव.
खाली गळून आंबलेल्या बोंडूंचा वास.
आधी भाताचा हिरवा गेला,
मग काजूच्या पानांचा,
शेवटी माझ्या स्वतःच्या हातांचा रंग गेला.
रातवा एकसारखा लाकूड ठोकत होता.

तो आला. एकलाच.
चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आधी,
मग काळोखातला एक जास्त दाट काळोख.
वीस पावलं, फार तर बावीस.
आबांनी बंदूक खांद्याला लावली
आणि तशीच धरून राहिले.

"दोन आसात रे."

"डुकरं?"

"ठिपके."

एक डुकराच्या खांद्यावर.
दुसरा त्याच्या वर, जरा डावीकडे,
सातनीच्या खोडापाशी, माणसाच्या ओठांच्या उंचीवर.
ओढल्यासारखा उजळतो, म्हणाले,
आणि मंदावतो.

ह्या शिवेवरून ह्या वेळी कोण चालतं
ते आमच्याकडे कुणी नावाने सांगत नाही.
खांद्यावर कांबळ, हातात दांडा, तोंडात विडी.
वर्षाला आम्ही त्याचा रोट देतो
आणि मागे वळून न बघता परततो.

मला माहीत होतं. रोमाल्दने सांगितलं होतं,
बाक असलेल्या डोळ्याला ठिपका फाटलेला दिसतो,
कधी स्वल्पविराम, कधी जोडी.
सांगणार होतो. जिभेवर आलं होतं.
आबांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली,
डबीवर तळहात झाकला
आणि देवळात खाकरतात तसे हलके खाकरले.
डुक्कर जाताना आणखी दोन वाफे तुडवून गेलं.

सांग्याच्या शिबिरात डॉक्टरीण म्हणाली, बुबुळाला बाक आहे.
चष्मा आला. आबांनी रिकामी बंदूक उचलून
अंगणापलीकडच्या माडावर धरली.
"एकूच," म्हणाले.
मग बराच वेळाने,
"दुसरो खंय गेलो?"

यंदा माटवावर मी असतो.
डोळे दोन्ही उघडे, उजेड दोनवर.
ठिपका काळोखावर टेकतो, गोल, एकटा, शहाणा;
गोळी कुठे जाईल ते सांगतो,
तिथे कोण आहे ते सांगत नाही.
म्हणून आधी त्याच्या वर, जरा डावीकडे
बघून घेतो.
परवा तिथे शेणू वेळीप
बॅटरी न लावता पाटाचं पाणी वळवत होता.
मी खाकरलो.
त्याने विचारलं, कोण रे?
मी नाव सांगितलं नाही.

रात्री डबी बंद करायची राहून गेली.
सकाळी आबांनी काचेतून पाहिलं, विझला म्हणाले.
विझला नव्हता.
उन्हात दिसत नव्हता, इतकंच.